साताऱ्याचे डोंगर म्हणजे उरलेली जमीन

२३ नोव्हेंबर २०२५ला इथिओपियातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याची राख अरबी समुद्र ओलांडून उत्तर भारतावर आली. विमानं रद्द झाली, वाहिन्यांवर राखेचे नकाशे दिवसभर फिरले. अशी बातमी आली की साताऱ्यात एक प्रश्न हमखास डोकं वर काढतो. आपला सह्याद्री ज्वालामुखीचाच ना? मग महाबळेश्वरचा ज्वालामुखी मेलाय की झोपलाय? त्याचं तोंड नक्की कुठे? कुणी वेण्णा तलावाकडे बोट दाखवतं, कुणी पाचगणीच्या टेबललँडकडे. आणि एखादा जाणकार ‘कोयनेला धक्के बसतात ते काय उगीच?’ असं म्हणून विषय आणखी तापवतो.

सह्याद्रीचा दगड ज्वालामुखीचा आहे, हे शंभर टक्के खरं. पण सह्याद्री हा ज्वालामुखी नाही. महाबळेश्वर, अजिंक्यतारा, सज्जनगड, यातल्या एकाही डोंगराच्या माथ्यातून कधी लाव्हा उसळलेला नाही. ज्वालामुखीनं इथे मैदान घडवलं. डोंगर फार नंतर आले, आणि ते पाण्यानं कोरून काढले. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात आली की किल्ले, कास, दरडी आणि कोरडे बोअर यांच्याबद्दलचे बरेच प्रश्न तिथूनच सुटायला लागतात.

मग त्याचं तोंड कुठे आहे?

शाळेच्या पुस्तकातला ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर, वर खड्डा आणि खड्ड्यातून धूर. जपानचा फुजी तसा आहे. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट, तेही साधारण तसंच. १७८७ मध्ये तिथल्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, पुढे दीड शतकाहून अधिक काळ ते गप्प होतं आणि १९९१पासून पुन्हा अधूनमधून फुटतं.

दख्खनची तऱ्हा वेगळी. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून वितळलेला खडक बाहेर आला. जमिनीच्या पोटात आहे तोवर तो शिलारस, बाहेर आला की लाव्हा, आणि थिजून जो काळा जड दगड होतो तो बेसॉल्ट. आपण त्यालाच काळा दगड, काळा पाषाण किंवा नुसता कातळ म्हणतो. परिभाषा एवढी पुरे.

हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. भारत तेव्हा आशियाला येऊन भिडला नव्हता. हिंदी महासागरातून तो एकटाच उत्तरेकडे सरकत होता आणि त्या वाटेवर एका फार उष्ण जागेवरून चालला होता. ती जागा आजही आहे. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे, त्याच्याखाली. तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. आपण पुढे सरकलो, जाळ मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मॉरिशस ही बेटांची रांग म्हणजे त्या प्रवासाचा समुद्रात उमटलेला माग. साताऱ्यापासून ती जागा आता साडेचार हजार किलोमीटरांहून दूर आहे. ‘आपला ज्वालामुखी कधी जागा होईल’ याचं उत्तर यातच आलं. त्याला जाग यायला खाली जाळ हवा, आणि तो आपल्याखाली उरलेला नाही.

भेगांतून होणारा उद्रेक माणसानं पाहिलेला आहे. १७८३ मध्ये आइसलंडमधल्या लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. एकूण भरला सुमारे १४ घन किलोमीटर. विषारी वायूंनी गुरं मेली, पिकं करपली आणि पुढच्या दुष्काळात त्या देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचा हिशेब लाखो घन किलोमीटरांचा आहे. हे सगळं एका दमात बाहेर आलं नाही. साधारण दहा लाख वर्षांच्या आत, मध्ये मध्ये विसावा घेत, एकावर एक थर पडत गेले. आज झिजून झिजूनही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते.

त्या भेगांच्या खुणा, म्हणजे भेगेतच थिजून राहिलेले दगडाचे उभे पट्टे, मोठ्या संख्येनं दिसतात ते नंदुरबार-धुळ्याकडे, नाशिकच्या बाजूला आणि कोकणात. तेव्हा साताऱ्यातला बराचसा लाव्हा बाहेरून वाहत आला असणार, इथे फुटलेला नव्हे. वेण्णा तलावाचं म्हणाल, तर तो १८४२ मध्ये सातारच्या गादीवरच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतला. त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणणं हा त्या बांधकाम करणाऱ्यांवर अन्याय आहे.

दगड इतका लांब वाहतो तरी कसा?

आपल्या भागात हे समजावायला गुऱ्हाळ पुरतं. काहिलीतला रस पातळ असताना वाफ्यात ओतला, तर कुणी न ढकलता चारी बाजूंना पसरतो आणि वरून सपाट होतो. गुळव्यानं तो फार आटवला, तर ओतला तिथेच ढिगासारखा बसतो. बऱ्याच टोकदार ज्वालामुखींचा लाव्हा घट्ट असतो. तो लांब जात नाही आणि तोंडाशीच साचून डोंगर होतो. दख्खनचा लाव्हा पातळ, साधारण अकराशे ते बाराशे अंश तापलेला. तो सखल भाग भरत पुढे जायचा.

वाफ्यातल्या गुळाकडे आणखी थोडा वेळ बघा. वरचा पापुद्रा आधी धरतो, आतला ऐवज बराच वेळ मऊ आणि गरम राहतो. आतले बुडबुडे वर येतात आणि पापुद्र्याखाली अडकतात. लाव्ह्याचंही तेच. वरची साल थिजली की ती आतल्या लाव्ह्याला निवू देत नाही, आणि त्या सालीखालून तो किलोमीटरच्या किलोमीटर पुढे सरकतो. किती लांब? आंध्रात गोदावरीकाठी राजमुंद्रीजवळ बेसॉल्टचे थर आहेत. त्यांची रासायनिक ओळख आपल्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळते. म्हणजे हा लाव्हा जवळपास हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्याला गेला, असं अभ्यासक मानतात. पृथ्वीवर सापडलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.

घाटात दिसणारी ती लाल पट्टी

पसरणी, आंबेनळी, खंबाटकी, कुंभार्ली, यातल्या कुठल्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो. सेल्फी पॉइंटला पाठ करून एकदा त्या कापलेल्या भिंतीकडे तोंड करा. जागा मात्र सुरक्षित बघा, वळणावर नको.

खालून वर नजर नेली तर असं दिसतं. आधी एकसंध, निळसर काळा दगड. त्याला उभ्या चिरा, घण मारला तर खणकन वाजेल असा. वर जाल तसा त्याचा रंग फिका, कधी हिरवट, कधी जांभळट होतो आणि अंगावर भोकंच भोकं दिसायला लागतात. हे ते अडकलेले बुडबुडे. काही भोकं रिकामी, काहींत पांढरे चकचकीत दाणे भरलेले. नंतरच्या काळात दगडातून झिरपणाऱ्या पाण्यानं आणलेली ही खनिजं. मोठ्या पोकळीत त्यांचे सुरेख स्फटिक वाढतात, आणि सिन्नर, जळगाव, पुण्याकडच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलेत. या भोकाभोकांच्या मऊ दगडाला विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. त्याच्याही वर कधी हातभर, कधी पुरुषभर जाडीची विटेसारखी लाल पट्टी. नखानं खरवडली तर भुगा हातात येतो. आणि त्या पट्टीवर पुन्हा निळसर काळा दगड सुरू.

ही लाल पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधला काळ. पहिला थर थिजल्यावर बराच अवधी मध्ये गेला. ऊनपाऊस झाला, दगडाचा वरचा भाग कुजला, त्यात राख पडली, माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. जिथे ही पट्टी नाही आणि दोन थर थेट एकमेकांवर बसलेत, तिथे मधला अवधी फार थोडा होता असं समजायचं. एका घाटात अशा किती पट्ट्या येतात हे मुलांना मोजायला लावा. घाट चढताना उलट्या होतात अशी तक्रार निम्मी कमी होते, हा अनुभवाचा सल्ला.

लाव्हा सपाट पसरला, मग डोंगर आले कुठून?

खरा मुद्दा हाच. टेबललँडच्या कडेला उभं राहून धोम धरणाच्या पलीकडे बघा. समोरच्या डोंगररांगांचे माथे जवळपास एका रेषेत दिसतात. कुणी फूटपट्टी धरून वरचा भाग कापला असावा असं वाटतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर, कासचं पठार सुमारे १,२०० मीटरवर. मध्ये खोल दऱ्या असूनही माथ्यांची उंची इतकी जवळजवळची का? कारण हे सगळे माथे एकाच जुन्या सपाट जमिनीचे तुकडे आहेत. मधली जमीन कृष्णा, वेण्णा, उरमोडी, कोयना आणि त्यांच्या शेकडो ओढ्यांनी खाऊन टाकली. जे खाल्लं गेलं त्या दऱ्या, जे उरलं ते डोंगर.

यावर ‘थर एकसारखे असतील, पण जमीन वर उचलली गेली नसेल कशावरून?’ असं कुणी विचारलं, तर ती शंका रास्त आहे. भारत आणि सेशेल्स बेटांचा भूभाग एकमेकांपासून तुटले तेव्हा पश्चिमेकडची कड खचली आणि अलीकडचा भाग थोडा वर आला. वरचा दगड झिजून भार हलका होत गेला, तसतशीही जमीन हळूहळू उचलली गेली. सह्याद्रीचा उभा कडा मुळात आजच्याहून पश्चिमेला होता, तो झिजत झिजत मागे सरकलाय. पण हे उचलणं अख्ख्या पठाराचं होतं. एकेक डोंगर सुटा वर आला असता, तर घाटातले थर वाकलेले, मोडलेले दिसले असते. ते तसे नाहीत. दरीच्या अलीकडचा थर पलीकडे जवळपास त्याच उंचीला सापडतो.

पठाराची पश्चिम कड उंच आणि उतार पूर्वेला, म्हणूनच महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, सुमारे १,४०० किलोमीटरचा वळसा घालून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री तेवढी कड्यावरून पश्चिमेला उतरते.

पाण्यानं एवढा कातळ कापला, हे पटत नाही

हिशेब करून बघा. पाचगणी आणि तिच्या पायथ्याचं वाई यांच्या उंचीत साधारण पावणेसहाशे मीटरांचा फरक आहे. म्हणजे पाच लाख पंच्याहत्तर हजार मिलिमीटर. याला साडेसहा कोटी वर्षांनी भागा. शंभर वर्षांत एक मिलिमीटरही भरत नाही. आजोबांपासून नातवापर्यंत कुणाच्या नजरेला येणार नाही इतकी ही झीज आहे, आणि तेवढ्यात अख्खं कृष्णेचं खोरं उभं राहतं. प्रत्यक्षात ती सारखी झालेली नाही. कधी हजारो वर्षं काहीच नाही, कधी एका रात्रीत अख्खा कडा खाली.

कापलेला दगड गेला कुठे, हेही लगेच विचारलं जातं. बराचसा समुद्रात. पण वाटेत नदीनं जे टाकलं त्यावर आपण पोसतो. कराड, वाळवा, मिरज पट्ट्यातली काळी माती याच बेसॉल्टपासून झाली. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून बूट ओढून घेते. या दगडापासून होणारी चिकणमाती पाणी पिऊन फुगणारी असते, म्हणून. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला, नदीनं आणून टाकलेल्या जमिनीत खणलेली हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. व्यापाऱ्यांची हळद ज्या पेवांत सुकी राहायची, त्यांच्या भिंतींतला एखादा कण महाबळेश्वरच्या कड्याचा असणं सहज शक्य आहे.

गडांना तटबंदी आयती कशी मिळाली?

पाऊस सगळ्या थरांवर सारखाच पडतो, पण थर सारखे झिजत नाहीत. एकसंध काळा थर दाद देत नाही, त्याचा उभा कडा राहतो. मांजऱ्या आणि लाल थर लवकर कुजतात, तिथे उतार किंवा सपाट पायरी तयार होते. कडा, उतार, कडा, उतार असा जो सह्याद्रीचा ठरलेला नकाशा दिसतो, तो या थरांचा.

गड बांधणाऱ्यांना भूशास्त्र ठाऊक नसेल, पण दगड बरोबर ठाऊक होता. वैराटगड, पांडवगड, सज्जनगड, अजिंक्यतारा, सगळीकडे वरचा कठीण थर हाच मुख्य तट आहे. बांधलेली भिंत फक्त जिथे कडा तुटतो तिथली फट बुजवते. माची बसते ती कड्याखालच्या पायरीवर. पाण्याची टाकी खोदतानाही हाच शहाणपणा. कातळ असा निवडायचा की कोरता येईल पण गळणार नाही.

वाईजवळच्या कमळगडावर कावेची विहीर आहे. काव म्हणजे गेरू. माथ्यावरच्या कातळाला खाच पाडून आत पायऱ्या उतरवल्यात. चार पावलं खाली गेलं की काळा दगड संपतो आणि दोन्ही बाजूंना लालभडक, ओलसर, मऊ भिंती लागतात. बोट लावलं की लाल. ऐन उन्हाळ्यातही आत गारवा असतो. विहीर म्हणतात, पण बघण्यासारखं तिथे पाणी नसून ती भिंत आहे. कातळाच्या पोटात मऊ लाल थर असतो म्हणजे काय, हे इतकं जवळून दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

धबधब्यांचंही गणित हेच. भांबवलीचा वजराई धबधबा एका उडीत खाली येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो. प्रत्येक टप्पा म्हणजे एकेका कठीण थराची कड. खालचा मऊ थर पाणी आधी पोखरतं, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो आणि एक दिवस त्याचा लोंबता भाग कोसळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो.

कासवर झाडं का नाहीत?

कास, पाचगणी, चाळकेवाडी, सडावाघापूर. पवनचक्क्या असोत की फुलं, या पठारांचा माथा काळा नाही, तांबडा आहे. तो जांभा. जांभा हा वेगळा लाव्हा नव्हे. बेसॉल्टच कोट्यवधी वर्षं उष्ण, दमट हवेत कुजत राहिला, त्यातलं विरघळणारं सगळं पावसानं धुऊन नेलं, आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियम उरलं. लोखंडाचा गंज चढला म्हणून रंग तांबडा. असा जाड जांभा उतारावर सहसा धरत नाही, त्याला सपाटी आणि भरपूर काळ लागतो. म्हणून माथ्यामाथ्यावर दिसणारा जांभा हा जुन्या अखंड मैदानाचा आणखी एक पुरावा.

या जांभ्यावर मातीचा थर बोटभर, कुठे तोही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं, पावसाळा संपला की पंधरवड्यात सगळं कडकडीत. झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. अशा जागी तगतात ती तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं यांसारखी झटपट फुलून बी टाकणारी रोपं. मातीत पोषण नाही म्हणून दवबिंदूसारख्या वनस्पतींनी किडे खायची सोय करून घेतली. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. तिथल्या बोटभर मातीवरून गाडी घातली की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. ती माती पुन्हा जमायला जो वेळ लागतो, तो सुट्टीच्या कॅलेंडरात मावत नाही.

कोयनेचे धक्के म्हणजे ज्वालामुखीची चाहूल का?

नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला साधारण ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, शंभराहून जास्त माणसं दगावली आणि तेव्हापासून ही भीती घरात बसली ती बसलीच. पण या भूकंपांचं मूळ लाव्ह्याच्या थरांत नाही, त्यांच्याही खाली आहे. कोयना परिसरात संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, आणि कराडजवळ हजारमाची इथे त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळाही आहे. त्याआधी रासाटीला घेतलेल्या छिद्रात ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. धक्के या खडकातल्या जुन्या भेगा सरकल्यानं बसतात. धरणाचं पाणी दर पावसाळ्यात चढतं, नंतर उतरतं. त्या पाण्याचा भार आणि भेगांत शिरणारा दाब यांनी आधीच ताणलेल्या भेगा सरकायला निमित्त मिळतं, असं शास्त्रज्ञांचं सर्वसाधारण मत आहे. शिलारसाचा त्यात संबंध नाही.

कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांनाही हेच लागू. पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेनं तापतं आणि वर येतं. आणि बुलढाण्याचं लोणार? ते बेसॉल्टमध्ये आहे खरं, पण तो खड्डा उल्का आदळून झाला.

डायनासोर आणि आपली वाई

भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या थरांची जी वर्गवारी केली, त्यातल्या वरच्या मोठ्या गटाला वाईचं नाव दिलंय. त्यातल्या थरांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. कारण नमुने या घाटांतून घेतले गेले. जगातल्या एका मोठ्या वादात ही नावं सारखी येतात. डायनासोर मेक्सिकोत पडलेल्या उल्केनं संपले की दख्खनच्या वायूंनी? उत्तर अवलंबून आहे कुठला थर उल्केआधीचा आणि कुठला नंतरचा यावर. २०१९ मध्ये दोन अमेरिकी गटांनी एकाच वेळी उत्तरं छापली. प्रिन्स्टनच्या गटानं लाल पट्ट्यांतल्या राखेतले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण थरांचं वय काढायला वापरले आणि मोठा उद्रेक विनाशाच्या जरा आधी धरला. बर्कलीच्या गटाची पद्धत वेगळी, त्यांच्या मते तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर आला. उल्केचं पारडं आज जड आहे, पण वाद मिटलेला नाही.

दरडी इथेच का?

२२ जुलै २०२१ला पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर डोंगर आला. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढ्या पावसात काय होतं? उतारावर वर कुजलेला मुरूम आणि माती, खाली घट्ट कातळ. पाणी मुरमातून खाली जातं, कातळावर अडतं आणि आडवं वाहायला लागतं. मधे मऊ लाल थर असला तर तोही भिजून बुळबुळीत होतो. वरचा सगळा भार मग एका ओल्या पृष्ठभागावर टेकलेला असतो. त्यात पायथ्याशी घरासाठी किंवा रस्त्यासाठी उतार उभा कापला असेल, तर खालचा टेकूही गेलेला.

डोंगर बहुधा आधी सांगतो. उतारावर नवी भेग, नसलेल्या ठिकाणी एकाएकी फुटलेला झरा, नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी, तिरपी झालेली झाडं किंवा विजेचे खांब. यातलं काही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल, तर त्या रात्री घरात झोपू नये. पंचनाम्याची वाट बघत बसू नये.

शेजाऱ्याच्या बोअरला पाणी, आपल्याला फुफाटा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. सांगलीकडे जत, आटपाडीचीही हीच गत. ढग सह्याद्रीच्या कड्याला आपटून तिथेच रिकामे होतात, हे आपण शाळेत शिकतो. पण खाली पडलेलं पाणी साठतं कुठे, हे फारसं कुणी सांगत नाही.

घट्ट बेसॉल्टच्या अंगात पाणी धरायला जागा नसते. पाणी असतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या चिरांत, मांजऱ्यातली भोकं एकमेकांना जोडलेली असतील तर त्यांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. लाल थर चिकणमातीचा, तो पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीत बरेचदा त्याच्या वरच्या कडेने झरे फुटतात. या जागा सलग नसतात. तुमच्या बांधापलीकडे चिर असेल, तुमच्याकडे नसेल. ‘भूगर्भातली नदी’ वगैरे काही नाही, आणि नारळ हातावर धरणाऱ्या पाणाड्याला ती दिसतही नाही. खोल गेलं की पाणी लागतंच हाही भ्रम. वरचा भार वाढत जातो तशा चिरा मिटत जातात. सहाशे-सातशे फुटांपर्यंत पैसे ओतून नुसता फुफाटा उडाल्याची उदाहरणं गावोगाव आहेत.

बोअर घ्यायचाच असेल तर आधी आसपासच्या विहिरींत उतरून थर बघावेत, किती फुटांवर मुरूम संपतो, मांजऱ्या कुठे लागतो, पाणी कुठल्या सांध्यातून येतं. बोअरची गाडी आल्यावर दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या ढिगात ठेवायला सांगावा. निळसर काळी भुकटी म्हणजे घट्ट कातळ, लाल म्हणजे गेरूचा थर, पांढरे ठिपके असलेला हिरवट-जांभळट चुरा म्हणजे मांजऱ्या. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतली आधाराची नळी, वरच्या सैल मुरमातून घट्ट दगडात टेकेपर्यंत घालून घ्यावं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बोअर ढासळतो. आणि ते ढीग गाडी गेल्यावर लगेच लोटून देऊ नयेत. प्रत्येकातली मूठभर भुकटी पिशवीत भरून वर फूट लिहून ठेवावेत. वाडीत पुढचा बोअर घेणाऱ्याला पाणाड्यापेक्षा त्या पिशव्या जास्त उपयोगी पडतात.